माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढलात? थांबा, प्लग लावू नका

माळ्यावरून जुना रेडिओ खाली आला की घरोघरी एकच प्रकार होतो. कुणीतरी ओल्या फडक्याने तो पुसतं, मागची वायर ओढून बघतं आणि "बघू तरी चालतोय का" म्हणत प्लग खोचतं. माझी अगदी कळकळीची विनंती आहे की तेवढं करू नका, कारण साठ वर्षं पडून असलेल्या रेडिओत जे वाचवण्यासारखं असतं ते बऱ्याचदा त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत जळतं, आणि जे जळतं नेमकं तेच आज बाजारात सहज मिळत नाही.

आमच्या चिपळूणच्या मामांकडे असाच एक सेट होता, पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा, समोर कापडी जाळी आणि काचेच्या डायलवर दिल्ली, मुंबई, लाहोर, सिलोन अशी नावं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालचं सगळं सामान गेलं, हा माळ्यावर होता म्हणून राहिला. पेटीच्या आत तळाशी पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तकसुद्धा मिळालं, तिकिटं चिकटवलेलं, अर्धं कसरीने खाल्लेलं. मामी म्हणाली, "का रे, तो हिरवा डोळा परत उघडेल का?" तिला आवाजापेक्षा तो डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा समोरचा हिरवा दिवा, जास्त आठवत होता. तर तो सेट चालू करताना जे जे केलं त्याच्या आधाराने सांगतो, म्हणजे तुमच्याकडे असा सेट असेल तर स्वतः करायला किंवा निदान मेकॅनिकशी नीट बोलायला उपयोग होईल.

आधी हा रेडिओ काम कसा करतो ते थोडक्यात, कारण ते कळलं की बिघाड शोधणं निम्मं सोपं होतं.

एरियलवर एकाच वेळी सगळी स्टेशनं येऊन आदळत असतात. त्यातलं एकच निवडून हजारो पटीने मोठं करायचंय. प्रत्येक स्टेशनची फ्रिक्वेन्सी वेगळी, मग प्रत्येकासाठी वेगळी चाळणी कुठून आणणार? यावर १९१८ साली एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसाने जी युक्ती काढली ती म्हणजे सुपरहेट. चाळणी एकच ठेवायची, अगदी बारीक आणि अचूक, आणि येणाऱ्या प्रत्येक स्टेशनला त्या चाळणीच्या मापात आणून बसवायचं. रेडिओ स्वतःच आतमध्ये एक फ्रिक्वेन्सी तयार करतो (याला ऑसिलेटर म्हणतात), ती आलेल्या स्टेशनमध्ये मिसळली की दोघांच्या फरकाइतकी तिसरी फ्रिक्वेन्सी निघते. बऱ्याच सेटमध्ये हा फरक ४५५ किलोहर्ट्झ ठेवलेला असतो, काहींत ४५२ किंवा ४७०. म्हणजे तुम्ही डायल मुंबई आकाशवाणीच्या ५५८ वर आणलात की आतला ऑसिलेटर १०१३ वर चालतो, पुण्याच्या ७९२ वर आणलात की तो १२४७ वर जातो, फरक कायम ४५५. तुम्ही बटण फिरवता तेव्हा जो पंख्यासारखा पात्यांचा भाग फिरतो, ज्याला सगळे मेकॅनिक नुसतं गँग म्हणतात, तो एकाच दांड्यावर दोन कंडेन्सर फिरवत असतो, एक स्टेशनसाठी आणि एक ऑसिलेटरसाठी, जेणेकरून दोघांतलं अंतर तेवढंच राहावं.

मग त्या ४५५ च्या सिग्नलला मोठं करायचं, त्यातून आवाज वेगळा काढायचा, आवाज मोठा करायचा आणि स्पीकरला द्यायचा. पाच व्हॉल्व्ह ते एवढंच काम वाटून घेतात.

व्हॉल्व्ह म्हणजे खरोखरच तोटी आहे. काचेच्या निर्वात नळीत मधे एक तापणारी तार, तिच्याभोवती कॅथोड, तो तापला की इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो. बाहेरच्या बाजूला अ‍ॅनोड, त्यावर दोन-अडीचशे व्होल्ट प्लस, तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मधे बारीक तारेची जाळी, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर थोडंसं मायनस व्होल्टेज कमीजास्त केलं की मधला मोठा प्रवाह कमीजास्त होतो, अगदी तोटी फिरवल्यासारखा. हे ग्रिडचं मायनस लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यावरच येणार आहे.

व्हॉल्व्हवरची नावं बघून घाबरायला होतं पण ती खूप समजूतदारपणे ठेवलेली आहेत. मामांच्या सेटमध्ये ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८० होते, शिवाय हिरव्या डोळ्याचा ईएम ८०. पहिलं अक्षर तापणाऱ्या तारेबद्दल सांगतं, ई म्हणजे ६.३ व्होल्टची. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात: सी म्हणजे ट्रायोड (एकाच ग्रिडचा), एच म्हणजे बऱ्याच ग्रिडचा मिसळणारा भाग, एफ म्हणजे पेंटोड (तीन ग्रिडचा), बी म्हणजे दोन डायोड (ग्रिड नसलेले), एल म्हणजे स्पीकर चालवणारा जोरदार पेंटोड, झेड म्हणजे एसीचं डीसी करणारा, एम म्हणजे डोळा. ऐंशीच्या घरातला, म्हणजे ८० ते ८९ मधला आकडा असेल तर बूड नऊ पिनांचं. म्हणजे ईएल ८४ हे नाव वाचलं की ६.३ व्होल्टचा, नऊ पिनांचा आउटपुट व्हॉल्व्ह हे पुस्तक न उघडता कळतं. हे व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनायचे, बीईएल असं छापलेले, आणि लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या दुकानदारांकडे नीट विचारलं तर जुन्या साठ्यातला एखादा निघतो कधीकधी.

पण व्हॉल्व्ह शोधायला लगेच पळू नका. रेडिओ बंद म्हणजे व्हॉल्व्ह गेला असंच सगळे धरून चालतात आणि पैसे तिथेच घालवतात. माझा अनुभव असा की व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ठणठणीत असतात. वरच्या काचेला आतून जो चंदेरी आरशासारखा डाग असतो तो बघा, तो चंदेरी किंवा काळपट असेल तर आत निर्वात शाबूत आहे, दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा शिरली आणि तो व्हॉल्व्ह संपला. मग मल्टिमीटर लावून तापणारी तार तुटलीय का बघा, वर सांगितलेल्या सगळ्या व्हॉल्व्हमध्ये ती ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर असते, थोडेसे ओहम दाखवले की तार चांगली. एवढं झालं की व्हॉल्व्हचा विषय सध्या बाजूला ठेवायचा.

खरा गुन्हेगार कंडेन्सर. आता पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, पण रेडिओवाल्यांच्या तोंडात कंडेन्सरच आहे आणि मीही तेच म्हणणार. जुन्या सेटमध्ये दोन जातीचे कंडेन्सर त्रास देतात. एक कागदाचे, म्हणजे धातूची पातळ पट्टी आणि कागद गुंडाळून वरून मेण किंवा डांबरासारखं काहीतरी ओतलेले. कागद ओल धरतो. कोकणात चार महिने पाऊस, घरातल्या पापडाच्या डब्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, मग साठ पावसाळे पाहिलेल्या त्या कागदाचं काय झालं असेल. कंडेन्सरचं काम डीसी अडवायचं आणि आवाजाचा एसी जाऊ द्यायचा, पण ओल शिरली की तो डीसी झिरपू देतो. दुसरी जात इलेक्ट्रोलिटिक, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यातले मोठे, ३२ अधिक ३२ किंवा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचे, एसीचं केलेलं डीसी सपाट करणारे. यांच्या आत एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर असतो, व्होल्टेज मिळत राहिलं तर तो टिकतो, वर्षानुवर्षं बंद पडून राहिला की खराब होतो, आणि एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट दिले की डबा तापतो, फुगतो, कधी फुटतो, आणि जाताना व्हॉल्व्ह ईझेड ८० किंवा मेन ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातो. प्लग लावू नका म्हणतो ते यासाठी.

आता सुरक्षिततेचं, आणि हे कृपा करून वरवर वाचू नका. जुने सेट दोन प्रकारचे असतात. एकात मेन ट्रान्सफॉर्मर असतो. दुसऱ्यात नसतो, त्याला एसी-डीसी सेट म्हणतात, कारण पूर्वी कोलकात्यासारख्या शहरात काही भागांत डीसी लाइन होती आणि ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. या सेटमध्ये व्हॉल्व्हच्या नावाचं पहिलं अक्षर यू असतं, आणि सगळ्यांच्या तापणाऱ्या तारा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या. यूसीएच ८१ चे १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ चे १९, यूबीसी ८१ चे १४, यूएल ८४ चे ४५, यूवाय ८५ चे ३८, बेरीज १३५, उरलेले ९५ व्होल्ट एका जाडजूड तापणाऱ्या रेझिस्टन्समध्ये घालवायचे. हुशार मांडणी आहे, पण यात लोखंडी चासी, म्हणजे ज्या सांगाड्यावर सगळे भाग बसवलेले असतात तो, थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीवर २३० व्होल्ट. बटणाचा प्लास्टिकचा भाग निघाला आणि आतला दांडा किंवा स्क्रू बोटाला लागला तरी झटका. तेव्हा पहिलं काम हे की प्लग भिंतीत न लावता, रेडिओचा स्विच ऑन ठेवून, मल्टिमीटरने प्लगची एकेक पिन आणि चासी यांच्यात ओहम बघा. कुठल्याही पिनेवर शून्याच्या जवळपास किंवा थोडेच ओहम आले तर चासी जिवंत आहे असं समजा, आणि एक-ते-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो सेट उघडून चालू करूच नका, तो जाणत्या माणसाकडे द्या. यात मला काहीही तडजोड मान्य नाही.

ट्रान्सफॉर्मरचा सेटसुद्धा खेळणं नाही. बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट भरलेले राहू शकतात. हात घालण्याआधी १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स नीट इन्सुलेट केलेल्या वायरने त्याच्या दोन टोकांना पाच-सहा सेकंद धरायचा, मग मीटर लावून शून्य आलंय ते डोळ्यांनी बघायचं, मगच हात. स्क्रूड्रायव्हरने फटाक करून शॉर्ट करणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. चालू सेटमध्ये मोजताना एक हात पाठीमागे ठेवायचा, पायात रबरी चपला, आणि घरात एकटे असताना नाही.

पहिल्यांदा चालू करायला सिरीज बोर्ड हवा. कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, एक होल्डर आणि एक सॉकेट मालिकेत जोडलेले, होल्डरमध्ये जुना तारेचा पिवळा बल्ब, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी चालत नाही, तारेचाच पाहिजे, कारण त्या तारेचा गुण असा की करंट वाढला की ती तापते आणि तिचा विरोध वाढतो, म्हणजे आत शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्ब स्वतःवर घेतो आणि रेडिओ वाचतो. पाच व्हॉल्व्हचा सेट साधारण ४५-५० वॅट घेतो. बल्ब क्षणभर जोरात पेटून मग मंद झाला तर ठीक. पेटून तसाच राहिला तर लगेच बंद, आत शॉर्ट आहे.

मामांच्या सेटला मी आधी एकही व्हॉल्व्ह न लावता सिरीज बोर्डवर टाकलं, फक्त ट्रान्सफॉर्मर बघायला. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला, डायलचे दिवे लागले, तेवढ्यात मामी खूश. म्हटलं अजून खूप बाकी आहे. मागे व्होल्टेज निवडायची पट्टी असते, ११०, १२७, २२०, २४५ अशी, ती बहुतेक सेटमध्ये २२० वर सापडते. ती २४५ वर करून घ्या, आजच्या लाइनला तेच बरं, व्हॉल्व्हच्या तारांना ६.३ च्या आसपासच मिळायला हवं. बऱ्याच सेटना फ्यूजच नसतो, ५०० मिलीअँपचा स्लो-ब्लो फ्यूज बसवून टाका. कडकडीत झालेली, सोललेली मेन वायर काढून तीन तारांची नवीन लावा आणि ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटची चासी अर्थला जोडा. एसी-डीसी सेटची चासी अर्थला कधीही नाही.

मग कंडेन्सर बदलायचे. सगळे एकदम उपटू नका, एक काढला की त्या जागी लगेच नवीन, आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर फोटो. कागदाच्या जागी त्याच मायक्रोफॅरडचे ६३० व्होल्टचे पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, प्लस-मायनस दोनदा तपासून. हौसेने २२० मायक्रोफॅरड लावू नका, ईझेड ८० ला पहिल्या कंडेन्सरसाठी ५० पर्यंतच सोसतं, जास्त मोठा कंडेन्सर भरताना तो दर झटक्याला इतका करंट ओढतो की व्हॉल्व्हचं आयुष्य जातं. मेन लाइनपासून चासीला एखादा छोटा कंडेन्सर असेल तर तिथे वाय-टू असं छापलेलाच लावा, साधा नको, तो शॉर्ट झाला तर चासी जिवंत होते. माइकाचे, सिरॅमिकचे आणि आयएफच्या, म्हणजे त्या ४५५ च्या चाळणीच्या, डब्यातले कंडेन्सर सहसा चांगले असतात, त्यांना हात नको.

जुनं रूप जपायचं असेल तर एक छान काम करता येतं. मेणाचा जुना कंडेन्सर हेअर ड्रायरने हळूहळू गरम करायचा, आतला गाभा सैल होतो, तो ढकलून बाहेर काढायचा, कागदी नळी रिकामी होते, तिच्यात नवीन छोटा कंडेन्सर सरकवायचा आणि तेच वितळलेलं मेण दोन्ही टोकांना ओतायचं. वरचं छापील लेबल तसंच राहतं. मी सहा असे केले, संध्याकाळ गेली, पण चासी उलटी केली की आजही ती कारखान्यातून आल्यासारखी दिसते.

सगळ्यात आधी कुठला कंडेन्सर बदलायचा असं विचाराल तर ईएल ८४ च्या ग्रिडकडे जाणारा, ०.०१ मायक्रोफॅरडचा वगैरे. एका बाजूला आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडचे शंभरएक व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ईएल ८४ ची ग्रिड, मधे फक्त हा. हा झिरपला की काय होतं ते मी मुद्दाम मोजून ठेवलंय. सेट सिरीज बोर्डवर थोडा वेळ चांगला चालला, मग आवाज हळूहळू फाटायला लागला, माणूस घशात कफ अडकून बोलतोय तसा. बल्ब काढून थेट लाइनवर एक मिनिटभरच चालवून मोजलं, तर ईएल ८४ च्या २ नंबर पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, प्लस ५ व्होल्ट. चासीपासून मोजलं तर तिथे शून्य पाहिजे, कॅथोड थोडा प्लस असतो म्हणून त्याच्या मानाने ग्रिड मायनसच राहते. ३ नंबर पिनेवर, म्हणजे कॅथोडवर, साडेदहा व्होल्ट. कॅथोडचा रेझिस्टन्स १५० ओहमचा, म्हणजे भागाकार करा, ७० मिलीअँप. या व्हॉल्व्हला ६५ च्या वर न्यायचं नसतं आणि अ‍ॅनोडवर १२ वॅटपेक्षा जास्त उष्णता नको, इथे १५ च्या आसपास जात होती. तोटी उघडी राहिली होती, दुसरं काही नाही. असाच तासभर चालवला असता तर अ‍ॅनोड लाल झाला असता आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (ईएल ८४ आणि स्पीकर यांच्या मधला) केसासारखी बारीक तार गेली असती, तो गेला की नवीन गुंडाळून घेण्यावाचून इलाज नाही. चाळीस रुपयांच्या आतला कंडेन्सर बदलल्यावर ग्रिडवर शून्य, कॅथोडवर ६.८ व्होल्ट, म्हणजे ४५ मिलीअँप. आवाज मोकळा.

इथे एक शंका राहते, दोष कंडेन्सरचा की व्हॉल्व्हचा? कंडेन्सरचं एक टोक सोडवून परत ग्रिड मोजा. प्लस गायब झालं तर कंडेन्सर दोषी, तरीही तापल्यावर प्लस चढत गेलं तर व्हॉल्व्हमध्येच गॅस झालाय, तेव्हा मात्र तो बदला.

आता सेट चालू केला आणि नीट चाललाच नाही तर. शोध स्पीकरकडून एरियलकडे उलटा घ्यायचा. आधी डीसी सप्लाय. मुख्य डीसीच नाही तर ईझेड ८०, त्याच्यानंतरचा रेझिस्टन्स किंवा कुठेतरी शॉर्ट. डीसी कमी आणि सतत गूंऽऽ असा आवाज, तर मोठे इलेक्ट्रोलिटिक. आपली लाइन ५० हर्ट्झची आणि ईझेड ८० दोन्ही बाजू वापरतो म्हणून ही गूं १०० हर्ट्झची असते. डीसी ठीक, आवाज शून्य आणि ईएल ८४ मधली आतली दुसरी, प्लस व्होल्टेजची जाळी (स्क्रीन) लालबुंद दिसतेय तर ताबडतोब बंद करा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटलीय, अ‍ॅनोडला व्होल्टेज नाही म्हणून सगळा करंट जाळीवर येतोय. स्पीकरची वायर काढूनही सेट चालवायचा नाही, स्पीकरचा भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज फार चढून तो जाऊ शकतो.

इथवर सगळं बरं असेल तर मागच्या बाजूला ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात, पीयू लिहिलेली. ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तरच, आणि ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टच्या कंडेन्सरमधून, मोबाइलचं गाणं तिथे सोडा. गाणं वाजलं तर अर्धा रेडिओ पास झाला, बिघाड पुढच्या भागात म्हणजे आयएफ किंवा मिक्सरमध्ये (फ्रिक्वेन्सी मिसळणारा भाग). व्हॉल्यूम फिरवताना कर्रकर्र होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून वीसेक वेळा फिरवा, बँड स्विचलाही तेच, आणि व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये दोन-तीनदा हलक्या हाताने वरखाली करा, पिनांवर चढलेला काळा थर निघतो. मधेच आवाज जातो-येतो अशी तक्रार असेल तर लाकडी पेन्सिलीने एकेक जागी टकटक करा, सुटलेलं सोल्डर तिथेच सापडतं. जुने कार्बनचे रेझिस्टन्सही मोजून बघा, त्यांचे ओहम वर चढतात, या सेटमध्ये २२० किलोओहमचा एक ४०० च्या जवळ गेला होता आणि त्यामुळे आवाज बारीक झाला होता.

ऑसिलेटर चालतोय का हे बघायला एकही यंत्र लागत नाही, आणि ही चाचणी मला फार आवडते. शेजारी साधा ट्रान्झिस्टर ठेवा, मिडीयम वेव्हवर, १०१३ च्या आसपास, जिथे फक्त खरखर आहे. आता व्हॉल्व्हच्या रेडिओची डायल ५५८ भोवती हळूहळू फिरवा. ऑसिलेटर जिवंत असेल तर एका जागी ट्रान्झिस्टरची खरखर एकदम दबते किंवा शिट्टी येते. हा रेडिओ त्या रेडिओत ऐकू आला! आमच्याकडे हे झालं तेव्हा मामा खुर्चीतून उठून जवळ आले.

आयएफच्या डब्यांवरचे स्क्रू मात्र फिरवू नका, ते सैल वाटले तरी. ती चाळणी कारखान्यात जुळवलेली असते, आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हरने आतला ठिसूळ फेराइट एकदा चिरला की डबा गेला. ज्यांच्याकडे सिग्नल जनरेटर आहे त्यांनीच, प्लास्टिकच्या पात्याने, आणि सगळ्यात शेवटी.

डायलच्या काचेबद्दल सांगायलाच हवं, कारण मी स्वतः एका जुन्या बाजारातून घेतलेल्या काचेवर हे पाहिलंय. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि ती शाई इतक्या वर्षांनी नुसती धुळीसारखी चिकटलेली असते. स्पिरिट तर दूरच, नुसत्या ओल्या कापडाचा एक हात फिरला की सिलोन, दिल्ली सगळं कापडावर. समोरची गुळगुळीत बाजू पुसा, आतल्या बाजूला फक्त मऊ कोरडा ब्रश, अक्षरांच्या आसपास तोही नको. डायलचा दोरा तुटला असेल तर सुटलेला दोरा काढण्याआधी तो कुठल्या चाकावरून किती वेढे घेऊन जातो ते कागदावर काढून ठेवा, नवीन दोरा ताणणारा नको, नाहीतर काटा एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे.

पेटीला वाळवी लागलीय का ते आतून बघा, ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐका. पॉलिश खरडून नवीन चकाचक मेलॅमाइन मारायची घाई नको, जुनं शेलॅक असेल तर नीट साफ करून लाखेच्या पॉलिशचे पातळ हात दिले की लाकूड स्वतःच उजळतं.

यात एफएम लागेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. आपल्याकडे एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झालं, हे सेट त्याच्या आधीचे, मिडीयम आणि शॉर्ट वेव्हचे. आणि एरियल पाहिजेच, पूर्वी पडवीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची विणलेली पट्टी टांगलेली असायची ती उगीच नव्हती. पाच-सहा मीटर साधी वायर उंचावर बांधली तरी फरक पडतो. खरखर येत असेल तर रेडिओ उघडण्याआधी घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करा, मिडीयम वेव्हवर सगळ्यात जास्त कचरा तेच टाकतात. आमच्याकडे नुसत्या जिन्यातल्या एका बल्बने अख्खा बँड झाकला होता.

मामांचा सेट चालला. चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही, तारा तापायला तेवढा वेळ लागतो, मग आधी डोळा हिरवा होतो आणि पाठोपाठ आवाज येतो. डोळा पूर्वीइतका तेजस्वी नाही, आतला लेप झिजतो, त्याला उपाय नवीन ईएम ८० हाच आणि तो महाग आहे म्हणून आम्ही थांबलोय. मामीला दिवे घालवल्यावर तो दिसतो, तेवढं तिला पुरतं. मी त्यांना एकच सांगून आलोय, दर पंधरा दिवसांनी तासभर लावायचा, पावसाळ्यात तर आठवड्याला, म्हणजे आतली ओल त्या व्हॉल्व्हच्याच उबेने सुकते आणि कंडेन्सरना व्होल्टेज मिळत राहतं. रविवारी सकाळी फोन केला की मागे तो वाजत असतो.